फुकटाचा नाका

“मोबाईलवर सारे फुकटच असते,” असे आमच्या बाजारपेठेत हल्ली सर्रास ऐकू येते. हा भ्रम महागात पडणारा आहे. ‘शादी डॉट कॉम’ नाव फुकट नोंदवून घेते. स्थळाशी बोलणी करावयाची म्हटले की वर्गणी मागते. हा व्यवहार उघड आहे व त्यातल्या त्यात तोच आम्हांस प्रामाणिक वाटतो. ‘झोमॅटो’ मात्र दोहोंकडून घेते. खानावळवाल्याकडून दलाली तर आहेच. शिवाय ऑगस्ट २०२३ मध्ये गिऱ्हाइकावर दर मागणीमागे २ रुपयांचे शुल्क बसविण्यास प्रारंभ झाला, ते सप्टेंबर २०२५ मध्ये १२ रुपयांवर गेले. तरीही ही जकात निदान पावतीवर दिसते. ‘गूगल’चा नाका तर दिसतच नाही! २०२३ साली त्याच्या पालक कंपनीच्या महसुलाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जाहिरातींतून आला. हा पैसा व्यापारी भरतो आणि मालाच्या किमतीतून तुमच्याआमच्याकडून वसूल करतो. वृत्तपत्रेही जाहिरातींवर जगतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु वाचक कोणत्या बातमीवर किती वेळ रेंगाळला, याचे टिपण ठेवून ते जाहिरातदाराच्या कामी लावण्याची सोय आमच्या पेपर टाकणाऱ्या पोराजवळ नाही.