अणुगर्भाचे गणित आणि बाजाराची तागडी

न्यूट्रॉनांचे आधिक्य असलेल्या अणुगर्भांची रचना सैद्धान्तिक प्रतिमानांनी उकलणे हा कागदी खेळ आहे, गरीब देशाच्या तिजोरीला तो परवडणारा नाही, असा आक्षेप घेतला जातो. वरकरणी तो लोकहिताचा भासतो. वस्तुतः तो बाजाराच्या तागडीनेच ज्ञान जोखतो.

मारिया गोपर्ट-मायर व हान्स येन्सेन यांनी १९४९ साली स्वतंत्रपणे कवच-प्रतिमान मांडले. ८, २०, २८ या ‘जादुई’ संख्यांचे अणुगर्भ विशेष स्थिर का, हे त्यातून उलगडले. त्या वेळी शिकागो विद्यापीठात मायरबाई विनावेतन प्राध्यापक होत्या. तागडीच्या हिशेबी त्यांच्या श्रमाचे मोल शून्य!

अर्थात प्रतिमान हे वेदवाक्य नव्हे. ८ प्रोटॉन व २० न्यूट्रॉनांचा ऑक्सिजन-२८ जुन्या नियमाने स्थिर ठरावा. पण तो टिकतच नाही, चार न्यूट्रॉन टाकून फुटतो, हे २०२३ साली जपानमधील प्रयोगाने दाखविले. तीन कणांमधील एकत्रित बल हिशेबात धरले की ऑक्सिजनची मर्यादा २४ वरच येते, हे सिद्धान्तकारांनी २०१० सालीच मांडले होते. याला कागदी खेळ कोण म्हणेल?

२०१७ साली दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर निरीक्षिली गेली. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत घडतात. पण त्या साखळीतील कित्येक अणुगर्भ प्रयोगशाळेत अद्याप निर्माण झालेले नाहीत. तेथे प्रतिमान हाच आधार. सराफकट्ट्यावर सोन्याचा भाव कळतो, जन्म नव्हे.

ज्या ज्ञानाचा नफा आगाऊ मोजता येत नाही, त्याचा भार व्यापारी उचलणार नाही. तो समाजानेच उचलला पाहिजे; आणि ते ज्ञानही समाजाचेच राहिले पाहिजे.