प्लगइन काढलं, पसारा राहिला

घरगुती व्यवसायाची वेबसाइट आता बऱ्याच घरांत असते. कुणाचे मसाले, कुणाच्या शिकवण्या, कुणाच्या साड्या. पुतण्या किंवा भाची दोन रविवार बसून वर्डप्रेसवर साइट उभी करून देते आणि मग ती सांभाळायचं काम आपल्या गळ्यात पडतं. अशा साइटवर हमखास घडणारी एक गोष्ट आज घेऊ या. प्लगइन काढून टाकलं तरी त्याचं काहीतरी मागे उरतं, आणि ते बरोब्बर गिऱ्हाइकाच्याच नजरेला पडतं.

इंदूरला माझ्या ओळखीच्या एक काकू दिवाळीचा फराळ विकतात. त्यांच्या साइटवर फोटो सरकवणारं एक स्लायडर प्लगइन होतं. त्यामुळे फोनवर साइट फार हळू उघडायची, म्हणून त्यांनी ते काढलं. निर्णय बरोबरच होता. पण दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकानं स्क्रीनशॉट पाठवला. फोटोंच्या जागी चौकटी कंसात स्लायडरचं इंग्रजी नाव आणि पुढे एक आकडा, बाकी काही नाही. खाली प्रश्न : "काकू, साइट हॅक झाली का हो?" हॅक वगैरे काही झालं नव्हतं. पण ऑनलाइन पैसे भरून चकली मागवणाऱ्या माणसाला ते कसं कळणार? ऐन दिवाळीच्या तोंडावर असा संशय म्हणजे सरळ नुकसान.

मुळात होतं काय ते बघा. 'डिअ‍ॅक्टिव्हेट' म्हणजे प्लगइन फक्त झोपवणं. 'डिलीट' म्हणजे वर्डप्रेस त्या प्लगइनचं फोल्डर पुसतं. पण इतके दिवस त्या प्लगइननं स्वतःच्या फोल्डरबाहेर जे काही लिहून ठेवलं, तुमच्या पानांत, डेटाबेसमध्ये, सर्व्हरच्या फाइलींत, ते आवरायचं की नाही हे प्लगइन बनवणाऱ्यावर असतं. त्यासाठी अनइन्स्टॉल.पीएचपी नावाच्या फाइलीची सोय आहे. डिलीट दाबलं की ती चालते आणि मागचा पसारा उचलते. ती लिहिण्याचे कष्ट सगळेच घेत नाहीत. बिऱ्हाड जातं, खिळे भिंतीत राहतात. आणि कुणी होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन फोल्डरच उडवलं, तर ही फाइल चालायची संधीच जाते. म्हणून प्लगइन नेहमी डॅशबोर्डमधूनच काढा.

काही वेळा पसारा मुद्दाम ठेवलेला असतो, हेही सांगायला हवं. वूकॉमर्स डिलीट केलं तरी तुमची उत्पादनं आणि ऑर्डरी डेटाबेसमध्ये राहतात. सगळं पुसायचंच असेल तर आधी वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलीत तशी स्पष्ट ओळ लिहावी लागते. चुकून डिलीट दाबणाऱ्याची दोन वर्षांची विक्री वाचावी, यासाठी ही काळजी. मला ती पटते.

आता शोधाशोध. पहिलं काम म्हणजे साइटचा पूर्ण बॅकअप, फाइली आणि डेटाबेस दोन्ही. दुसरं, कॅशे रिकामा करा आणि फोनच्या इन्कॉग्निटो खिडकीत साइट उघडून बघा. पुष्कळदा उरलेलं म्हणून जे दिसतं ती पानाची आधी साठवलेली प्रत असते. कॅशेचं प्लगइन, होस्टिंग आणि क्लाउडफ्लेअरसारखी सेवा, तिन्हीकडे अशी प्रत असू शकते. कॅशे पुसल्यावर अर्ध्या तक्रारी संपतात.

तरीही चौकटी कंस दिसतोय? मग तो शॉर्टकोड. 2008 मध्ये वर्डप्रेस 2.5 बरोबर ही सोय आली. पानात कंसात एक शब्द लिहायचा आणि प्लगइन त्या जागी स्लायडर, फॉर्म, गॅलरी काय हवं ते आणून ठेवतं. प्लगइन गेलं की तो शब्द ओळखणारं कुणी उरत नाही, म्हणून तो जसाच्या तसा छापला जातो. डॅशबोर्डमध्ये 'पेजेस' आणि 'पोस्ट्स' या दोन्ही ठिकाणी शोधाची चौकट असते. तिथे कंसातला शब्द टाका. ज्या पानांत तो असेल ती समोर येतील, एकेक उघडून तेवढी ओळ पुसा. विजेट आणि फूटर विसरू नका, तिथलं या शोधात सापडत नाही. काकूंचं काम तीन पानांत, चहा निवायच्या आत झालं. पण शेकडो पानं असतील तर हातानं पुसत बसू नका. साइट करून देणाऱ्या भाचीला सांगा की चाइल्ड थीममध्ये एक ओळ टाक, हा शॉर्टकोड दिसला की त्या जागी रिकामं दाखव. कोड पानात राहील, पण गिऱ्हाइकाला दिसणार नाही. घाईच्या वेळी हा उपाय पुरेसा आहे.

पानं रचून देणाऱ्या बिल्डर प्लगइनची गोष्ट जड आहे. डब्ल्यूपीबेकरीसारखा बिल्डर प्रत्येक ओळ, प्रत्येक रकाना शॉर्टकोडमध्ये लिहितो. तो काढला की अख्खं पान कंसांनी भरतं. अशा वेळी बिल्डर पुन्हा चालू करा, पानं नव्यानं बांधा आणि मगच त्याला निरोप द्या. दुसरा सोपा मार्ग नाही.

कंस नाही, पण चॅटचा गोल बुडबुडा किंवा पॉपअप अजून उगवतोय, असं असेल तर तो कोड प्लगइनखेरीज आणखी कुठेतरी चिकटवलेला आहे. थीमच्या हेडरमध्ये, कोड टाकायच्या एखाद्या वेगळ्या प्लगइनमध्ये किंवा गूगल टॅग मॅनेजरमध्ये. कंप्युटरवर पान उघडून 'व्ह्यू पेज सोर्स' करा आणि त्या सेवेचं नाव शोधा. आजूबाजूच्या ओळींवरून बहुधा सुगावा लागतो.

सर्व्हरच्या फाइलींतला पसारा जास्त धोक्याचा. कॅशेची प्लगइन वर्डप्रेसच्या कंटेंट फोल्डरमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड-कॅशे नावाची फाइल ठेवतात आणि कॉन्फिगमध्ये कॅशे चालू असल्याची एक ओळ लिहितात. एचटीअ‍ॅक्सेस फाइलीत बरीच प्लगइन आपापले नियम लिहितात. तिथे 'बिगिन' आणि 'एंड' या खुणांमध्ये प्लगइनचं नाव असतं, त्यामुळे कोणता तुकडा कुणाचा ते कळतं. फक्त गेलेल्या प्लगइनचा तुकडा काढा. 'वर्डप्रेस' नावाच्या तुकड्याला हात लावू नका, तो साइटचा स्वतःचा आहे.

सगळ्यात जपायचं ते वर्डफेन्स या सुरक्षेच्या प्लगइनच्या बाबतीत. त्याची फायरवॉल पूर्ण ताकदीनं चालू केली असेल, तर बऱ्याच होस्टिंगवर यूझर.आयएनआय नावाच्या फाइलीत एक ओळ लिहिली जाते : कोणतंही पान उघडण्याआधी वर्डफेन्स-वॅफ.पीएचपी ही फाइल चालवा. प्लगइन काढल्यावर कुणीतरी ती वॅफ फाइल कचरा समजून पुसतं, पण ओळ तशीच राहते. सर्व्हर नसलेली फाइल शोधत बसतो आणि पूर्ण साइट बंद पडते, डॅशबोर्डसकट. इथे क्रम महत्त्वाचा. आधी यूझर.आयएनआयमधली ती ओळ काढा. मग थांबा, कारण सर्व्हर ही फाइल सहसा 300 सेकंद, म्हणजे पाच मिनिटं, लक्षात ठेवतो. त्यानंतर वॅफ फाइल पुसा. यूझर.आयएनआयच्या नावाची सुरुवात टिंबानं होते, त्यामुळे फाइल मॅनेजरमध्ये ती लपलेली असते. सेटिंगमध्ये 'शो हिडन फाइल्स' चालू केलं की दिसते.

डेटाबेसच्या बाबतीत माझं मत जरा आळशी वाटेल. गेलेल्या प्लगइनच्या दहा-वीस नोंदी तिथे पडून असतील तर राहू द्या. त्या कुणाला दिसत नाहीत आणि साइटही त्यांनी हळू होत नाही. अपवाद आहे प्रत्येक पान उघडताना आपोआप वाचल्या जाणाऱ्या नोंदींचा. त्या खूप साठल्या की साइट जड होते. 2024 च्या वर्डप्रेस 6.6 पासून टूल्समधलं 'साइट हेल्थ' हे तपासतं आणि सुमारे 800 केबीच्या वर गेलं की सांगतं. ती सूचना आली तर जाणकाराला बोलवा. एक प्लगइन काढल्याचा पसारा आवरायला दुसरं प्लगइन टाकायचं आणि त्यात सगळ्या चौकटींवर टिचक्या मारून 'क्लीन' दाबायचं, हे मात्र करू नका.

दुसरा अपवाद माणसांचा आहे. चौकशी फॉर्ममधले संदेश साठवणारं प्लगइन कधी वापरलं होतं का? काढताना त्यानं आपली कोठारं रिकामी केली नसतील, तर फराळाची चौकशी केलेल्या लोकांची नावं, फोन नंबर, पत्ते अजून तिथेच आहेत. डॅशबोर्डवर ते दिसत नाहीत, म्हणून आपण विसरून जातो. साइटमध्ये कुणी शिरलं तर त्याला मात्र ते सापडतात. ज्यांनी विश्वासानं नंबर दिला त्यांचा हा प्रश्न आहे. शिवाय 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही काम संपल्यावर अशी माहिती पुसावी, असं अपेक्षित आहे. हवे असतील तर नंबर आधी एखाद्या शीटमध्ये उतरवून घ्या आणि डेटाबेसमधलं त्या प्लगइनचं टेबल भाचीकडून काढून घ्या.

पुढचं प्लगइन काढायच्या आधी त्याच्या सेटिंगमध्ये एक चक्कर मारा. 'अनइन्स्टॉल करताना सगळा डेटा पुसा' अशा अर्थाची एक चौकट बऱ्याच प्लगइनमध्ये असते, बहुतेक वेळा सगळ्यात खाली. तिच्यावर खूण आधी करायची, डिलीट नंतर.