उन्हाळ्यातली बाग आणि फुलांची भेट

मोगऱ्याचा खरा हंगाम होळीपासून मृगापर्यंत, म्हणजे वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दिवसांत असतो. बाकी सारे करपत असताना कोपऱ्यावरच्या फुलवाल्याच्या टोपलीत ओल्या फडक्याखाली मोगऱ्याचे गजरे असतात, शेजारी द्रोणात सोनचाफा असतो. हाच काळ मुंजी-लग्नांचा, परीक्षांच्या निकालांचा आणि सुट्टीला आलेल्या नातवंडांचाही असतो. घरोघरी फुले येतात, रोपे येतात, आणि आजी-आजोबांबरोबर मुलेही कुंड्यांभोवती रमतात.

कुटुंबवैद्याने या विषयात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. कारण साधे आहे. बागेमुळे होणारा लाभ जसा माझ्या दवाखान्यात दिसतो, तसे बागेपायी होणारे अपायही तेथेच येतात. आणि त्यांतले बहुतेक अपाय थोड्या माहितीने टळण्यासारखे असतात.

लाभ कोणता, आणि कोणता नाही

रॉजर उलरिच या संशोधकांचा एक छोटा अभ्यास १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर निम्म्यांना विटांची भिंत दिसत होती. झाडे पाहणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अभ्यास लहान होता, हे खरे. परंतु हिरवाईने मन निवते हा आपला अनुभव त्याच्याशी जुळतो.

याउलट, घरात चार रोपे ठेवली की हवा शुद्ध होते, ही समजूत मात्र अतिरंजित आहे. तिचे मूळ ‘नासा’च्या १९८९ च्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग लहान, बंदिस्त पेटीत झाले होते. आपल्या घरात दारे-खिडक्यांतून वारा खेळतो, त्याच्यापुढे कुंडीतल्या रोपाचा परिणाम नगण्य ठरतो. रात्री झाडे प्राणवायू ओढून घेतात म्हणून ती शयनगृहात नकोत, ही भीतीही तितकीच निराधार आहे. शेजारी झोपलेले माणूस त्याहून कितीतरी अधिक कर्बवायू सोडते!

खरा लाभ जोपासण्यात आहे. निवृत्तीनंतर ज्यांना सकाळी उठण्याचे कारणच उरत नाही, त्यांना कळी आली का हे पाहण्यासाठी तरी उठावे लागते. वाकणे, माती उकरणे, झारी उचलणे यांत सौम्य व्यायाम घडतो. म्हणून एकाकी वृद्धांना मी आवर्जून बाग करायला सांगतो. मात्र उन्हाळ्यात तिची पथ्ये पाळावी लागतात.

ऊन आणि अनवाणी पाय

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट सांगतो. साठी उलटलेले, पंधरा वर्षे मधुमेह असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. दोन्ही तळव्यांवर मोठे फोड होते, त्यांतला एक फुटलेला. दुपारी बाराच्या सुमारास ते गच्चीवर कुंड्यांना पाणी घालून, दुसऱ्या दिवशीच्या पूजेसाठी मोगऱ्याच्या कळ्या काढून आले होते. चटका मुळीच जाणवला नव्हता. संध्याकाळी फरशीवर ओले डाग दिसले, तेव्हा त्यांच्या पत्नीच्या ध्यानात आले. “काका, चप्पल का नाही घातली?” असे विचारता ते म्हणाले, “देवाची फुलं काढायची, डॉक्टर. पायात चप्पल घालून कशी काढू?”

मधुमेहाने पायांच्या नसा बधिर होतात, तेव्हा शरीराची धोक्याची सूचनाच बंद पडते. वैशाखातल्या दुपारी गच्चीची फरशी पन्नास अंशांच्या पलीकडे सहज जाते. निरोगी माणूस तिच्यावर क्षणभरही उभा राहणार नाही, पण त्यांनी तेथे अर्धा तास काढला. जखम भरायला दोन महिने लागले. पाऊल वाचले, हे नशीब. मधुमेहात अशा जखमेपायी बोटे गमवावी लागलेले रुग्णही मी पाहिले आहेत. त्यांच्या श्रद्धेशी वाद घालण्याचे मला कारण नव्हते. गच्चीच्या दारापाशी केवळ फुले काढण्यासाठी धुतलेल्या रबरी चपला वेगळ्या ठेवाव्यात, एवढे मी सुचवले. आता त्या तेथे असतात.

तेव्हा नियम असा असावा: पाणी सूर्योदयाच्या सुमारास किंवा सूर्यास्तानंतर घालावे. कुंडीतल्या मातीवर पालापाचोळ्याचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा थर पसरावा. ओल टिकते आणि दुपारची फेरी वाचते. वाढत्या वयात तहान कमी जाणवते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता बागेत जाण्यापूर्वीच पेलाभर पाणी प्यावे. ज्यांना पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिले आहे, त्यांनी ते पाळावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खुरपताना बसल्या जागेवरून एकदम उठू नये. डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडण्याचा संभव असतो. मातीत आणि शेणखतात धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून लसीची मात्रा दर दहा वर्षांनी घेतलेली असावी.

उन्हात काम करताना कोणी असंबद्ध बोलू लागले, भोवंडून पडले आणि अंग तापलेले लागले, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी गाफील राहू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर गार पाणी ओतत वारा घालावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

बशीतले पाणी

डेंग्यूचा विचार आपण पावसाळ्यात करतो. त्याची तयारी मात्र उन्हाळ्यातच होत असते. एडिस जातीच्या डासाची मादी साठलेल्या पाण्याच्या काठाला, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते. पाणी आटले तरी ही अंडी कित्येक महिने तग धरतात, आणि पुन्हा पाणी मिळताच त्यांतून अळ्या निघतात. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात.

म्हणून कुंडीखालची बशी, मनीप्लँटची बाटली, फुलदाणी आणि पक्ष्यांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे आठवड्यातून एकदा नुसते रिकामे करून भागत नाही. ते आतून घासून कोरडे करावे लागते. हे काम रविवारी नातवंडांकडे सोपवावे. मुले ते आवडीने करतात, आणि अळी ओळखायलाही शिकतात.

ओळख नसलेले झाड

अळूची पाने चिरताना हाताला खाज येते, हे आपल्या गृहिणींना सांगावे लागत नाही. त्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवला जाणारा डिफेनबॅकिया अळूच्याच कुळातला आहे. रांगत्या बाळाने त्याचे पान चावले, तर तोंडाची आग होते आणि जीभ-ओठ सुजतात. अशा वेळी पान तोंडातून काढून तोंड धुवावे, गार दूध किंवा पाणी द्यावे. सूज वाढली वा श्वासाला अडथळा वाटला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, यांचे विष याहून गंभीर असते. देवाला वाहिली जाणारी ही झाडे सर्वांगाने विषारी आहेत, आणि त्यांचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. मुले बिट्टीच्या बियांशी खेळतात, म्हणून त्यांची बी विशेष घातक समजावी. बी पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट पाहू नये. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. झाडाचा तुकडा बरोबर घेऊन रुग्णालयात जावे.

सदाफुलीविषयीही बोलले पाहिजे. तिची फुले-पाने उपाशीपोटी चघळल्याने मधुमेह बरा होतो, असे संदेश व्हॉट्सॲपवर नित्य फिरतात. सदाफुलीतून व्हिनक्रिस्टिन हे रक्ताच्या कर्करोगावरचे मोलाचे औषध मिळाले, हे सत्य आहे. परंतु ते औषध शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून, रुग्णालयातच दिले जाते, आणि तरीही त्याचे दुष्परिणाम सांभाळावे लागतात. ज्या झाडातून एवढे प्रभावी द्रव्य निघते, त्याची पाने अंदाजाने खाणे धोक्याचे आहे. सदाफुली उन्हाळ्यात फुलत राहते, म्हणून अवश्य लावावी. खाऊ मात्र नये.

भेट द्यायची तर

आजाऱ्याला भेटायला जाताना फुले न्यावीत का, असे मला अनेकजण विचारतात. अतिदक्षता विभागात, तसेच केमोथेरपी घेणाऱ्या किंवा अवयवरोपण झालेल्या रुग्णाकडे फुले अथवा कुंडी नेऊ नये. फुलदाणीच्या पाण्यात आणि ओल्या मातीत जे जीवाणू व बुरशी वाढतात, ते आपल्याला बाधत नसले तरी अशा रुग्णांना बाधू शकतात. दमेकऱ्याकडे निशिगंधासारखी उग्र गंधाची फुले टाळावीत. इतरांना फुले खुशाल द्यावीत. फुलदाणीतले पाणी मात्र रोज बदलावे.

कोपऱ्यावरचा फुलवाला या बाबतीत आपला चांगला सल्लागार होऊ शकतो. रोजची फुलपुडी बांधून देणाऱ्या माणसाला आपल्या घरची माणसे ठाऊक असतात. रोप घेताना त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: झाडाचे नाव काय, ऊन किती लागते, आणि त्यावर कसली फवारणी झाली आहे का. दुकानातली फुले खाण्यासाठी पिकवलेली नसतात आणि त्यांच्यावर कीटकनाशकांचा वापर सर्रास होतो, म्हणून गुच्छातल्या गुलाबाच्या पाकळ्यांचा गुलकंद करू नये. त्यासाठी घरचा, न फवारलेला गावठी गुलाबच घ्यावा. आणि स्वतःच्या बागेसाठी आणलेले कीटकनाशक कधीही शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये.

या उन्हाळ्यात कोणी वयस्क आप्त आजारातून उठत असतील आणि घरी परतले असतील, तर त्यांना मोगऱ्याचे एक रोप द्यावे, असे मी सुचवीन. त्याला पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा आपण स्वतः शोधून द्यावी, बशी घासण्याचा वार ठरवून द्यावा, आणि आठ-पंधरा दिवसांनी कळ्या किती आल्या हे विचारायला पुन्हा जावे. गुच्छ चार दिवसांत सुकतो. रोपाच्या निमित्ताने आजारी माणसाकडे कोणीतरी फिरून येते, आणि बरे होण्यास त्याचीही मदत होते.