गोष्टीखालचं तात्पर्य

२०२५ हे वर्ष सोपं गेलं नाही. अमेरिकेच्या आयातशुल्काची झळ सुरतेच्या हिरे-कापडाला लागली. मराठीला अभिजात दर्जा मिळून वर्ष झालं. दोन्हींवर अंकात लेख आहेत. इथे मात्र वर्षभर मला सलणारी गोष्ट बोलायची आहे.

लोककथा विशेषांकासाठी आवाहन केलं आणि सुरत परिसरातल्या सचिन, उधना, डिंडोली, लिंबायतहून भरभरून साहित्य आलं. वाचकहो, तुम्ही कधीच निराश केलेलं नाही. पण जवळजवळ प्रत्येक कथेखाली ‘तात्पर्य’ होतं : खोटं बोलू नये, लोभ धरू नये. कथा कुणी सांगितली, कोणत्या प्रसंगी सांगितली, याबद्दल एक अक्षर नाही.

बोध हा इसापनीतीचा धर्म, सगळ्या गोष्टींचा नव्हे. श्रावणातली शुक्रवारची कहाणी त्याच वारी, हातात अक्षता घेऊन ऐकायची असते. अशा कहाणीत देव कोपतो, मग प्रसन्न होतो. ऐकणारीच्या घरीही तो तसाच प्रसन्न व्हावा, म्हणून ती सांगायची. तिच्याखाली उपदेशाची ओळ लिहिली की व्रत सुटतं आणि धडा उरतो.

आपल्या खानदेशी घरांतली कानबाई देवीच घ्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नाक-डोळे लावून, नथ घालून ती पाटावर बसते. घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेऊन रोट होतात आणि ते भाऊबंदांतच खायचे असतात. रात्रभर अहिराणी बोलीतल्या गाण्यांचं जागरण चालतं, सोमवारी विसर्जन. तिची कथा या रात्रीत आहे. आलेल्या लेखात मात्र रात्र नाही, रोट नाही, अहिराणीचा एक शब्द नाही. पुस्तकी मराठी आणि शेवटी ‘एकीचे बळ’. मला याचा राग येतो.

दंतकथेची जात आणखी वेगळी. ती गावाला बांधलेली असते आणि खरी की खोटी यावर वाद घालायलाच हवा. १७९१मध्ये जंजिऱ्याच्या गादीवरचा हक्क सोडून सिद्दी अब्दुल करीम खानानं पेशव्यांकडून सचिन संस्थान मिळवलं, हा इतिहास. पहिली भारतीय स्त्री-दिग्दर्शक फातमा बेगम सचिनच्या नवाबाची बेगम होती, असं सांगतात. लग्नाची नोंद मात्र सापडत नाही. ही दंतकथा आपल्या डोळ्यांदेखत घडते आहे. अशा कथेत तात्पर्य कुठलं काढणार?

आणि सांगणाऱ्याचं नाव? मेरी फ्रेअरनं १८६८मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ छापलं, तेव्हा कथा सांगणाऱ्या अॅना लिबेराटा डिसूझा या आयेचं नाव आणि तिची जीवनकहाणीही पुस्तकात दिली. एका गव्हर्नरच्या मुलीला त्या काळी हे सुचलं; आपल्याला स्वतःच्या आजीचं नाव लिहायचं सुचू नये?

म्हणून या अंकात एकाही कथेखाली तात्पर्य छापलेलं नाही. लेखकांना फोन करून आम्ही ते काढायची परवानगी मागितली. दोघांनी दिली नाही, त्यांच्या कथा परत पाठवल्या. सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि प्रसंग प्रत्येक कथेच्या वर आहे. अहिराणी कथा अहिराणीतच आहेत, अवघड शब्दांचे अर्थ पानाखाली दिले आहेत. पुढच्या अंकासाठी सचिनच्या नवाबीच्या दंतकथा हव्या आहेत. एकाच कथेचे दोन पाठ मिळाले, तर दोन्ही पाठवा.