एका बाराची बंदूक

जुन्या शिकाऱ्यांच्या गप्पांत बंदुकीची थोरवी ती किती गोळ्या झाडते यावर ठरते. मला हे मान्य नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपविला, ते बरेच झाले. पण शस्त्राची पारख करण्यास हरकत नसावी.

निपाणी-बेळगावकडे, खानापूरच्या रानालगत, पिकात शिरणाऱ्या डुकरांवर ठासणीची बंदूक चाले. नळीत दारू ओतायची, वर गोळी गजाने ठासायची, मग केप बसवायची. तोवर जखमी डुक्कर जाळीत तडफडत पडे, नाहीतर अंगावर येई! उलट पाच गोळ्या भरलेल्या रायफलीने माणूस नेमाला आळशी होतो. दोहोंच्या मधली जात मला पसंत आहे. ब्रिटिश फौजेने १८७१ साली स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री पाहा. तरफ खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर, नवे हाताने सारून तरफ मिटली की बंदूक तयार. याच धर्तीच्या शिकारी रायफलीही निघाल्या. गोळी एकच, म्हणून पहिला बार जपून निघे. आणि तो चुकार लागलाच, तर जनावराचे हाल संपविण्यास दुसरा लगेच हाताशी. फौजी मार्टिनीचा दणका खांद्याला जबर बसे म्हणतात. बसेना का!