गॅरेजची फरशी : शोभेची की पायाची?

आपल्या घरांचा पुढचा दरवाजा वापरतात कोण? पिझ्झा आणून देणारा आणि हॅलोविनच्या रात्री येणारी मुलं. बाकी आपण, आपले आई-वडील आणि जवळची मित्रमंडळी गॅरेजमधूनच घरात शिरतो. चपला तिथे, तांदळाचं पोतं तिथे, दुसरा फ्रीजही तिथेच. खरं म्हणजे गॅरेज ही आपली ओसरी आहे. असं असूनही घर घेताना स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटसाठी आपण तीन-तीन शनिवार दुकानं पालथी घालतो आणि गॅरेजच्या फरशीकडे ढुंकूनही बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

मिशिगनचा हिवाळा सभासदांना मी काय सांगावा! डेट्रॉइट शहराच्या पोटात हजारेक फुटांखाली मिठाची खाणच आहे, तेव्हा रस्त्यावर मीठ टाकताना इकडे कुणी हात आखडत नाही. चाकांवरच्या कमानीत अडकलेला बर्फ गॅरेजमध्ये वितळतो आणि मीठ-मातीचं पाणी खाली पसरतं. गॅरेजच्या काँक्रीटला दाराकडे उतार हवा असा बांधकामाचा नियम आहे, पण आमचं घर जुनं आणि स्लॅब मध्येच खचलेला. पाणी दाराकडे जाण्याऐवजी मागच्या चाकाजवळ डबकं करून बसायचं. गुळगुळीत काँक्रीट, वर पाणी, आणि थंडी वाढली की त्याच पाण्याचा काचेसारखा पापुद्रा.

जानेवारी २०१९ मध्ये माझी आई कांदे आणायला गॅरेजमध्ये गेली. पायात मोजे आणि वर चप्पल. डावं मनगट मोडलं.

आता पैशांचं. पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांना मेडिकेअर नाही, हे आपण जाणतोच. मी विमा घेतला होता, पण स्वस्तातला. ज्यात प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कम मिळते, बिल कितीही येवो. इमर्जन्सी रूम, एक्स-रे, प्लास्टर, हाडांच्या डॉक्टरांच्या तीन भेटी मिळून ६,४०० डॉलर झाले. विम्याने दिले १,१००. ज्यात डिडक्टिबलनंतर बिलाचा मोठा टक्का मिळतो तो विमा थोडासाच महाग होता. हा धडा वेगळा आणि त्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. पण विमा झाला पडल्यानंतरचा इलाज. पडायचंच कशाला?

म्हणून मी फरशीच्या मागे लागलो. पहिल्यांदा इपॉक्सीवाल्याला बोलावलं. त्याने चकचकीत फोटो दाखवले आणि ४०० चौरस फुटांचे २,८०० डॉलर सांगितले. फोटोतलं गॅरेज आमच्या दिवाणखान्यापेक्षा देखणं होतं, पण माझ्या मनात एकच प्रश्न : ओलं झाल्यावर काय? त्यात वाळूसारखी खडी मिसळली नाही तर गुळगुळीत इपॉक्सी ओली झाल्यावर घसरते. शिवाय खालून ओलावा वर येत असेल तर तिचे पोपडे निघतात, आणि लावताना तयारी कच्ची राहिली तर गरम टायरला चिकटूनही ती उचलली जाते. तुमच्या स्लॅबमध्ये ओल आहे का, हे फुकटात कळतं. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने काँक्रीटला चिकटवा आणि किमान १६ तास तसाच राहू द्या. खाली दव जमलं किंवा काँक्रीट काळवंडलं तर ओल आहे. आमच्याकडे भरपूर दव जमलं. इपॉक्सीचा विषय तिथेच संपला.

मग एकमेकांत अडकणाऱ्या टाइल्स. साधारण फूटभर लांबी-रुंदीची टाइल. दोन कडांना कड्या, दोन कडांना खुंट्या. पायाने दाबलं की ‘टक्’ करून बसते. गोंद नाही, वास नाही, वाळायची वाट बघणं नाही. मी तीन प्रकारचे नमुने मागवले : मऊ पीव्हीसी, कडक पॉलिप्रॉपिलीनची बंद टाइल, आणि त्याचीच जाळीची. नमुने डबक्यात ठेवले, वर साबणाचं पाणी ओतलं आणि आईचीच चप्पल हातात घेऊन घासून बघितली. सॉफ्टवेअरवाल्याला टेस्टिंगशिवाय चैन पडत नाही. पीव्हीसी पायाला मऊ आणि आवाज न करणारी, पण ओली झाल्यावर बुळबुळीत. शिवाय टायरच्या रबरातल्या रसायनांनी तिच्यावर तपकिरी डाग पडतात आणि ते निघत नाहीत. बंद टाइल बरी, पण पाणी वरच राहतं. जाळीच्या टाइलमधून पाणी सरळ खाली गेलं आणि पाय वर कोरडा राहिला.

प्लास्टरमधला हात सांभाळत आई हे सगळं बघत होती. म्हणाली, “आमच्या माहेरी गोठ्यातसुद्धा खडबडीत दगड टाकायचे रे, जनावर घसरू नये म्हणून. तू माणसांसाठी गुळगुळीत ठेवलंस होय?” यावर मी काय बोलणार!

एप्रिलमध्ये एका शनिवारी मी आणि मुलीने ४०० टाइल्स बसवल्या. वीस जास्तीच्या आणि दाराजवळच्या उतरत्या कडा धरून १,६०० डॉलरच्या आसपास खर्च आला. आईची एक सूचना मात्र लाखमोलाची. पायरीसमोरची ओळ पिवळी घ्यायला तिने सांगितलं, कारण साठीनंतर करड्या फरशीवर करडी पायरी दिसत नाही. बुद्धिबळाच्या पटासारखं काळं-पांढरं करायची माझी हौस तिथेच बारगळली.

आता तक्रारी, कारण दुकानदार त्या सांगणार नाही. पहिल्याच जुलैत मधल्या टाइल्स फुगून वर आल्या. प्लास्टिक उन्हाळ्यात वाढतं, आणि मी त्या भिंतीला घट्ट भिडवल्या होत्या. भिंतीकडून अर्धा इंच जागा सोडायला हवी, हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकलेला माणूस विसरला! चालताना टकटक आवाज होतो. स्क्रू पडला की जाळीतून गेलाच. गाडीखाली जॅक लावायचा तर आधी प्लायवूडचा तुकडा ठेवावा लागतो. दर वसंतात चाकांखालच्या दोन-तीन ओळी उचलून खालचा मीठ-मातीचा राब पाण्याने धुवावा लागतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि ते टाळलं तर काँक्रीटची वाट लागते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लॉनमोअरमध्ये पेट्रोल भरायचं ते बाहेर ड्राइव्हवेवर. जाळीतून खाली सांडलेलं पेट्रोल दिसत नाही, पुसता येत नाही, आणि त्याची वाफ घरात शिरते. प्लास्टिक जळतंही, तेव्हा ठिणग्या उडतील असं कुठलंही काम या फरशीवर करू नये.

“घर विकताना याचे पैसे वसूल होतात का?” असं एका मित्राने विचारलं. माझ्या मते होत नाहीत, आणि त्या हिशेबाने कुणी हे करूही नये. फार तर टाइल्स उचलून नव्या घरी नेता येतील.

आणखी एक कबुली. सगळं गॅरेज भरलं यातला निम्मा खर्च हौसेचा होता. हात आखडता असेल तर गाडीच्या दारापासून घराच्या दारापर्यंत तीन फूट रुंद आणि बारा फूट लांब पट्टा घाला. छत्तीस टाइल्स आणि चारही बाजूंना उतरत्या कडा मिळून सव्वादोनशे डॉलरमध्ये काम होतं. कडा मात्र वाचवू नका, नाहीतर घसरण्याऐवजी ठेच लागून पडाल. टाउनहाउसमध्ये भाड्याने राहणाऱ्यांनाही हे जमण्यासारखं आहे, कारण जाताना सगळं उचलून नेता येतं. आई-वडिलांची तिकिटं काढलीत की त्याच आठवड्यात हे काम उरकून घ्या. बहुतेकजण ऑक्टोबरात येतात आणि नोव्हेंबरात बर्फ पडतो.

नमुन्याच्या त्या तीन टाइल्स अजून माझ्या गाडीच्या डिकीत आहेत. संक्रांतीच्या कार्यक्रमाला घेऊन येतो. पार्किंगमध्ये बर्फ असेलच, तेव्हा आपापल्या चपलेने घासून बघा.