गादीची पत

बाजार तेजीत असतो तेव्हा गादीवर कोण बसले आहे, याची फारशी चौकशी कोणी करीत नाही. मंदी येते, उधारी अडकते, कालपर्यंत चालत आलेली रीत एकाएकी निरुपयोगी ठरते, तेव्हा मात्र घरातील आणि दुकानातील प्रत्येकाची दृष्टी गादीकडे वळते. पुढे काय होणार हे गादीवरील व्यक्तीलाही ठाऊक नसते. अशा वेळी तिने काय करावे, या प्रश्नाचे एक उत्तर नागपूर शहराने १९२३ साली पाहिले आहे.

तो काळ मोठ्या संभ्रमाचा होता. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथे हिंसा घडल्यानंतर महात्मा गांधींनी चळवळ थांबवली. मार्चमध्ये त्यांना अटक होऊन सहा वर्षांची शिक्षा झाली. वर्षअखेरीस गया येथील अधिवेशनात, कायदेमंडळात जावे की जाऊ नये या प्रश्नावरून काँग्रेसमध्ये दोन तट पडले. ज्यांनी वकिली सोडली होती, ज्यांनी शिक्षणावर पाणी सोडले होते, त्यांना पुढची वाट दाखवणारा कोणी दिसत नव्हता.

अशा स्थितीत १३ एप्रिल १९२३ रोजी नागपुरात राष्ट्रीय झेंडा घेऊन निघालेली मिरवणूक सिव्हिल लाइन्सच्या वाटेवर पोलिसांनी अडवली. युरोपीय अधिकाऱ्यांच्या बंगल्यांच्या त्या वस्तीत झेंडा नेण्यास बंदी होती. १ मेपासून झेंडा सत्याग्रह सुरू झाला. स्वयंसेवकांच्या लहान तुकड्या झेंडा घेऊन निघत आणि अटक करून घेत. या सत्याग्रहाची धुरा वर्ध्याचे व्यापारी जमनालाल बजाज यांनी उचलली.

जमनालालजींचे वय तेव्हा अवघे ३३ वर्षांचे होते. कापसाचा मोठा व्यापार, सरकारदरबारी मान, सर्व काही त्यांच्यापाशी होते. १९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते, काँग्रेसच्या खजिन्याचीही जबाबदारी त्यांच्याकडे होती. सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनी आधीच परत केली होती. अशा माणसाने मागे राहून पैसा पुरवला असता, तरी कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी केवळ थैली न देता स्वतःलाही पुढे केले.

१७ जून रोजी त्यांना अटक झाली. जुलैमध्ये १८ महिन्यांची सक्तमजुरी आणि तीन हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. दंड भरण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून सरकारने त्यांची मोटार आणि घोडागाडी जप्त करून लिलावास काढली. नागपुरात त्या मोटारीवर बोली लावण्यास कोणीही पुढे आले नाही. अखेर ती विक्रीसाठी काठेवाडात पाठवावी लागली.

स्वस्तात मिळणारी वस्तू सोडून देणे व्यापाऱ्याच्या स्वभावात नसते. तरीही या व्यापारी शहराने ती वस्तू सोडली. ज्याने प्रथम स्वतःचे नुकसान पत्करले, त्याच्या नुकसानीतून नफा काढायचा नाही, इतके त्या शहराला कोणी न शिकवता उमगले होते. नेत्याची खरी पत ती हीच.

जमनालालजी तुरुंगात गेले, परंतु सत्याग्रह थांबला नाही. वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली, निरनिराळ्या प्रांतांतून स्वयंसेवक येत राहिले, हजाराहून अधिक लोक तुरुंगात गेले. १८ ऑगस्ट रोजी झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून विनाअडथळा पार पडली. हेतू साध्य होताच सत्याग्रह मागे घेण्यात आला आणि सप्टेंबरच्या आरंभी कैद्यांची सुटका झाली. एक जण बाजूला होताच दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी आणि कार्य संपले की ते थांबवावे, ही शिस्तही नेतृत्वाचाच भाग आहे.

आजच्या पेढीला तुरुंगाचे भय नाही, अनिश्चितता मात्र आहे. इतवारीच्या जुन्या दुकानापासून नव्या कारखान्यापर्यंत ग्राहकाची सवय बदलते आहे, वडिलांनी शिकवलेला हिशेब मुलाला अपुरा पडतो आहे. अशा वेळी कुटुंबप्रमुखाची परीक्षा साध्या गोष्टींत होते. मंदीत पहिली कात्री मुनिमाच्या पगाराला लागते की घरातील लग्नाच्या खर्चाला? तोट्याचा आकडा कर्त्या मुलांपुढे मांडला जातो की कुलपात राहतो? येणे-देणे एकाच माणसाच्या स्मरणात असते की दुसऱ्या कोणालाही वही उघडून समजते?

करोनाच्या काळात अनेक घरांनी या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फार महागात शिकले. कर्ता पुरुष अचानक रुग्णालयात गेला आणि मागे राहिलेल्यांना कोणाकडून किती येणे आहे, हेही सांगता येईना. त्या कर्त्याचे घरावर प्रेम नव्हते, असे कोण म्हणेल? साऱ्यांची चिंता एकट्याने वाहणे हेच आपले कर्तव्य, अशी त्याची समजूत होती. परंतु चिंता लपवल्याने घर निर्धास्त होत नाही. ते केवळ अजाण राहते.

पुढचे सारे ज्याला दिसते तो ज्योतिषी असेल. नेत्याला तितके दिसण्याची आवश्यकता नाही. संकटाचा पहिला भार स्वतःवर घ्यावा, जे खरे आहे ते घरच्यांना सांगावे आणि आपल्यानंतर गादी रिकामी राहणार नाही अशी तयारी आजच करावी, एवढे त्याच्या हाती असते. १९२३ मधील तो सत्याग्रह यशस्वी होईल, असे वचन जमनालालजी कोणालाही देऊ शकत नव्हते. आपण इतरांच्या आधी जाऊ, एवढेच ते देऊ शकत होते आणि तेवढे त्यांनी दिले. मोटार गेली, पत राहिली. व्यापारी कुळात जन्मलेल्यांना या दोहोंपैकी मोठी कोणती, हे निराळे सांगावे लागत नाही.